जुई समुद्रावरून उतरली ते दिवस

दर वर्षी सप्टेंबर लागला की इथल्या रेडिओवर येत्या हिवाळ्यातल्या वादळांची नावं वाचून दाखवतात. वादळं अजून जन्मालाही आलेली नसतात, पण नावं तयार असतात. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं, एक मुलीचं, एक मुलाचं, अंगणात खेळणाऱ्या पोरांना हाक मारावी अशी साधी नावं. बाळंतपणाआधीच बारसं उरकून घेणारा हा देश मला सुरुवातीला फार गमतीचा वाटायचा.

यंदा ती यादी लागली तेव्हा मी एका लांब कोटाचं अस्तर उसवत बसले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझं मशीन आहे. ऑगस्टमध्ये शाळा संपवलेल्या मुलींचे पार्टीचे झगे आत घ्यायचे, सप्टेंबरात गणवेशांच्या दुमडी घालायच्या आणि मग कोट, असं माझं वर्ष चालतं. बाहेर कुंपणावरच्या काटेरी वेलींना शेवटची काळी फळं लटकत होती, रस्त्यावर ओल होती, शेजारच्या धुराड्यातून हंगामातला पहिला धूर निघत होता. यादी संपली, बातम्या सुरू झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात माझी कात्री एकदाही थांबली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी अशाच यादीतल्या दुसऱ्या नावाला मी रेडिओ बंद केला होता. तेव्हा माझी मुलगी समुद्रावर होती.

जुई सहा वर्षांची असताना आम्ही कॉर्कला आलो. माझा नवरा सुधीर इथल्या औषधांच्या कारखान्यात इंजिनियर. कारखाना रिंगास्किडीला, अगदी पाण्याच्या काठाला, आणि समोर बंदरातल्या बेटावर आयरिश नौदलाचा तळ. सुधीरच्या कँटीनमधून राखाडी जहाजं येता-जाताना दिसतात. शाळेत जुईची 'जोई' झाली, मराठी कळायचं पण उत्तर इंग्रजीतून यायला लागलं, तेही कॉर्कच्या हेलात, वाक्याच्या शेवटी वर चढणारं. (तिचं बोलणं मी इथे मराठीतच लिहिणार आहे. इतक्या वर्षांत मला ते मराठीतच ऐकू यायला लागलं आहे.) बारावीनंतर ती एक वर्ष कॉलेजात गेली, आणि एकोणिसाव्या वर्षी एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "मी नेव्हीत नाव घातलंय. ऑफिसर म्हणून नाही. साधी खलाशी म्हणून."

सुधीरनं चमचा खाली ठेवला. "आम्ही एवढ्या लांब आलो ते ह्यासाठी?"

"मग कशासाठी आलात, बाबा?" तिनं विचारलं. उद्धटपणानं नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. सुधीरनं चमचा पुन्हा उचलला. मी तिच्या बशीत आणखी पोहे वाढले.

मी बार्शीची. आमच्याकडे पाणी दिवसाआड टँकरनं यायचं. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, गणपतीपुळ्याला, आणि पाहिल्या पाहिल्या मनात आलं की एवढं पाणी आणि प्यायला एक घोट नाही. समुद्राशी माझी ओळख तेवढीच. त्यावर माझी पोर राहायला जाणार होती.

गेली. प्रशिक्षण पुरं केलं. निळा गणवेश घालून, टोपी सावरत ती समारंभात उभी राहिली तेव्हा सुधीरनं इतके फोटो काढले की फोनमधली जागा संपली. त्या दिवसापासून त्यानं तिच्या जहाजाचा नंबर पाठ केला. जेवणाची सुट्टी झाली की डबा घेऊन तो खिडकीपाशीच बसायचा. जहाज धक्क्याला दिसलं की मला मेसेज यायचा, "आहे." नसलं की मेसेज नसायचा. मीही ओळखून घ्यायची.

तिचं जहाज तीन-चार आठवड्यांच्या गस्तीवर जायचं, पश्चिम किनाऱ्यानं वर थेट डोनेगलपर्यंत. मासेमारी बोटींवर चढायचं, जाळ्यांची भोकं मोजायची, कागदपत्रं तपासायची. ह्या कामात ती पटाईत होती. फोनवर सांगायची, लाटेवर उडणाऱ्या रबरी बोटीतून दोरीच्या शिडीवर उडी कशी मारायची ते. "आणि तब्येत?" मी विचारलं की एकच उत्तर, "ग्रँड." इथे सगळंच ग्रँड असतं. पाऊस थांबला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. हा शब्द ऐकून समोरच्या माणसाचं नक्की काय चाललंय ते मला अजून कळत नाही.

त्या सप्टेंबरात गस्तीवरून परतल्यावर ती घरी आली, पिशवी दारात टाकली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी झाली. सरळ पाठीवर, हात पसरून, डोळे मिटून.

"अगं, वर जाऊन गादीवर झोप ना."

"गादी हलते, आई. फरशी बरी आहे."

मी गॅस बंद केला आणि तिच्याशेजारी खाली बसले. चेहरा उतरलेला, गालांची हाडं वर आलेली. बांधून दिलेला आलेपाकाचा डबा पिशवीतून बाहेर डोकावत होता, रिकामा. मला वाटलं, निदान तो तरी उपयोगी पडला. नंतर कळलं, तो जहाजावरच्या बाकीच्यांनी संपवला होता. तिच्या पोटात आल्याची वडीही ठरत नव्हती.

फरशीवर पडल्या पडल्या, छताकडे बघत तिनं सांगितलं. पहिल्या गस्तीपासून असंच होतं. सगळ्यांना दोन-तीन दिवस त्रास होतो, मग शरीर शिकतं. तिचं शिकलंच नाही. रबरी बोटीत, वाऱ्यावर, काही होत नसे. पण जहाजाच्या पोटात उतरलं की सुरू. गोळ्या घेऊन झाल्या, पट्ट्या चिकटवून झाल्या. बादली पायांत धरून ती पहाऱ्याला उभी राहायची. दोन वर्षं. "आणि मी चांगली आहे, आई, माझ्या कामात. म्हणून कुणी काही बोलत नाही. पण मला आता नाही होत."

"मग सोड ना!" माझ्या तोंडून इतक्या पटकन निघालं की तिनं डोळे उघडले.

"सोडायचं नाहीये. बदली मागितलीये. नेव्हीतून आर्मीत."

मला असं काही असतं हेच माहीत नव्हतं. तिनं समजावून सांगितलं. अर्ज जहाजाच्या कप्तानाकडे जातो, त्याची हरकत नसली तर वर, मग पायदळाकडे जागा असली तर ते घेतात. इथे मिळवलेला हुद्दा तिथे धरत नाहीत, पुन्हा रंगरुटांबरोबर चिखलात सरपटण्यापासून सुरुवात. आणि त्याआधी कानांची तपासणी. माणसाचा तोल कानात असतो म्हणे. कानातच काही बिघाड निघाला तर ती कुठल्याच दलात नको, घरी. बिघाड नसेल तर जमिनीवरच्या नोकरीला हरकत नाही. "हॉस्पिटलचं पत्र घरच्या पत्त्यावर येईल. आलं की लगेच उघड आणि मला फोन कर. लगेच, हं."

"करीन," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आनंद झाला होता. मुलगी फरशीवर कलंडलेल्या परडीसारखी रिकामी झालेली, आणि माझ्या मनात एक लहानसा दिवा लागला होता, की हे सगळं फसलं तर ही परत येईल. कॉलेजात जाईल. आपल्या घरी, आपल्या गादीवर झोपेल.

पत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलं, सोमवारी. पांढरं, खिडकीचं पाकीट. मी उघडलं. पुढच्या आठवड्यात मंगळवारी, सकाळी पावणेदहा. येणं जमत नसल्यास कळवावं, अन्यथा नाव यादीतून कमी होईल. पुढची तारीख कधी मिळेल ह्याचा काही भरवसा इथे कुणी देत नाही.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मग प्रेस उघडलं. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता मीही म्हणते. तूरडाळीच्या डब्यामागे पत्र उभं करून ठेवलं आणि दार लावलं. कुणी मला विचारलं असतं, हे काय करतेस, तर मी म्हटलं असतं, नंतर नीट बघते. स्वतःलाही मी तेच सांगितलं. मशीनवर बसले आणि एका पँटची दुमड घालायला घेतली. सरळ टीप माझ्या हातून इतक्या वर्षांत वाकडी गेली नव्हती. त्या दिवशी तीनदा उसवावी लागली.

दुसरा दिवस तसाच गेला. बुधवारी जुईचा मेसेज आला. जहाज धक्क्याला होतं आणि ती तळावर सामानाच्या कोठीत काम करत होती. "हॉस्पिटलचं काही आलं?"

मी लिहिलं, "नाही."

लगेच उत्तर आलं. "हरकत नाही. पुढच्या बुधवारी जहाज सुटतंय. डॉक्टरांचा कागद नसेल तर जावंच लागेल. जाऊन येईन. ग्रँड."

तो 'ग्रँड' मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. ही गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. मला वाटलं होतं, पत्र दडवलं म्हणजे ती कंटाळून घरी येईल. ती घरी येणार नव्हती. ती पुन्हा चार आठवडे त्या जहाजाच्या पोटात जाणार होती, ऐन वादळांत, आणि तिथे तिला पाठवणारी मी होते. संध्याकाळी रेडिओवर सांगत होते, आठवड्याच्या शेवटी दक्षिण-पश्चिमेकडून मोठं काहीतरी येतंय. त्याला नाव दिलेलंच होतं.

तरीही मी त्या दिवशी प्रेस उघडलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. भीती आणि हट्ट एकाच भांड्यात ठेवले की वेगळे काढता येत नाहीत.

गुरुवारी सकाळी नोरा आल्या. नोरा म्हणजे आमच्या शेजारीण, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पडदे आखूड करायला घेऊन आलेल्या. पाठीला बाक, पण जीभ ताठ. नवरा डोनल जाऊन चार वर्षं झाली होती. तो एकवीस वर्षं नौदलात होता, हे मला माहीत होतं. त्याचा गणवेशातला फोटो त्यांच्या जिन्यात टांगलेला आहे.

"तुझी जोई कशी आहे?" चहाचा कप हातात घेत त्यांनी विचारलं. त्या मला शुभांगीची शुभा करून हाक मारतात, तेही शुवा असं. "परवा बस स्टॉपवर दिसली. अर्धी झालीये पोरगी."

मी सांगितलं. पत्राचं सोडून सगळं सांगितलं. समुद्र मानवत नाही, बदली मागितलीये, बघू काय होतं ते.

नोरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या डोनललाही मानवायचा नाही."

"पण ते तर एकवीस वर्षं..."

"एकवीस वर्षं. प्रत्येक गस्तीचे पहिले चार-पाच दिवस बादली घेऊन. आणि मला कधी सांगितलं माहितीये? निवृत्त झाल्यावर. इथेच, ह्या रस्त्यावर, आम्ही कचऱ्याचे डबे बाहेर काढत होतो तेव्हा. मी म्हटलं, अरे देवा, मग बदली का नाही मागितलीस? तर म्हणे, कुणी विचारलंच नाही." नोरा हसल्या, पण ओठच हसले. "दर वेळी तो जायच्या आदल्या दिवशी चिडचिड करायचा. भांडायचा माझ्याशी, पोरांशी. मला वाटायचं, ह्याला आमचा कंटाळा आलाय, ह्याला समुद्र हवाय. एकवीस वर्षं मी त्या माणसावर रुसले, शुवा. तुझ्या पोरीनं तोंड उघडलंय. देवाचे आभार मान आणि तिला मदत कर."

मी पडद्यांचं माप घेतलं. नोरा गेल्या. मी प्रेस उघडलं, तूरडाळीचा डबा बाजूला केला, पत्र पर्समध्ये टाकलं आणि पडदे तसेच टाकून गाडी काढली.

आम्ही राहतो त्या कॅरिगलाइनहून तळ दहा-पंधरा मिनिटांवर. पूल ओलांडला की फाटक. ओहोटी होती, चिखलावर पांढरे पक्षी चोची खुपसत चालले होते, खारट कुजका वास गाडीत भरला होता. फाटकावरच्या शिपायानं फोन केला, आणि थोड्या वेळानं जुई कोठीतली धूळ झटकत आली.

"आजच आलं," मी म्हटलं. पाकीट तिच्या हातात दिलं.

तिनं आधी पाकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "थँक्स, आई." एवढंच म्हणाली, आणि पत्र शर्टाच्या खिशात नीट घडी करून ठेवलं.

घरी आल्यावर संध्याकाळी मी सुधीरला सगळं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाला, "मी असतो तर आठ दिवस ठेवलं असतं." त्या एका वाक्यानं माझा अर्धा भार उतरला. उरलेला अर्धा माझाच होता.

मंगळवारी मी तिला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेले. वादळ शनिवारी येऊन गेलं होतं. रस्त्याच्या कडेला फांद्यांचे ढीग, आमच्या कुंपणाची एक फळी शेजारच्या अंगणात. तपासणीच्या खोलीत मला बसू दिलं. जुईला खुर्चीत मागे कलंडवलं, डोळ्यांवर कसलासा मोठा चष्मा चढवला आणि एका कानात कोमट पाणी सोडलं. समोरच्या पडद्यावर तिचे डोळे मोठे करून दिसत होते. पाणी गेलं आणि ते डोळे घरंगळायला लागले, एका बाजूला सरकायचे, झटक्यानं परत यायचे, पुन्हा सरकायचे. तिनं खुर्चीचे हात पकडले. आवाज मात्र काढला नाही. मग दुसरा कान. ते बघताना मला कळलं की ही दोन वर्षं कशी उभी राहिली असेल.

तपासणाऱ्या बाईंनी शेवटी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कान उत्तम आहेत तुझे. दोन्ही. काही माणसांना समुद्राची सवय होतच नाही, बस. त्यात तुझी काही चूक नाही. तसं लिहून देते."

जुई हुंदका देऊन रडली. मी तिला दहावीनंतर रडताना पाहिलं नव्हतं. "चूक नाही" हे शब्द तिला कुणीतरी कागदावर लिहून द्यायला हवे होते.

गाडीत बसल्यावर तिनं पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली, "आई, पत्रावर तारीख असते."

मी किल्ली फिरवायची थांबले.

"मला फाटकावरच कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू आणून दिलंस ना."

"मी चार दिवस लपवलं होतं, जुई. मला वाटलं, तू घरी येशील. तू 'जाऊन येईन' म्हणालीस तरीसुद्धा मी आणखी एक दिवस..."

तिनं काचेवरची वाफ बाहीनं पुसली. मग म्हणाली, "मी तुला दोन वर्षं ग्रँड, ग्रँड म्हणून खोटं सांगितलं. तू चार दिवस. तू अजून खूप मागे आहेस, आई." आणि हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "पण पुन्हा असं करू नकोस. मला बाहेर काढायचं असेल तर माझ्याशी भांड. लपवू नकोस."

"भांडीन," मी म्हटलं. आणि खरंच, त्यानंतर आम्ही पुष्कळ भांडलो. भांडणाचं इतकं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांचा कागद पोचला आणि जहाज तिच्याशिवाय सुटलं. ती कोठीत राहिली, बदलीची वाट बघत. आमची दिवाळी त्या वाट बघण्यातच झाली. कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळी जमली होती. कागदी बशांत चकल्या, बाहेर झिम्माड पाऊस, आत मुलांचा इंग्रजी कालवा. एकीनं विचारलं, "अगं, जुई नेव्ही सोडतेय असं ऐकलं. नाही का जमलं तिला?" तिच्या आवाजात वाईट काही नव्हतं. तरी 'नाही जमलं' हे शब्द माझ्या घशात चकलीसारखे टोचले. मी काही बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून एक आजोबा बोलले. कुणाचे तरी वडील, साताऱ्याकडचे, तीन महिन्यांसाठी लेकाकडे आलेले, डोक्यावर लोकरी टोपी.

"न जमायला काय झालं? आमच्या गावात घरटी एक फौजी हाय. माझा थोरला भाऊ पायदळातनं सिग्नलला गेला. तिथं नाव काढलं त्यानं. मानसाला कुटं तरी पाय रोवावा लागतो, पोरी. रोवला म्हंजी झालं."

त्या आजोबांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या वर्षी ते नव्हते, परत गेले होते.

त्यानंतरचे आठवडे लांबत गेले. घड्याळं एक तास मागे गेली, आणि साडेचारलाच अंधारून यायला लागलं. ह्या देशातला नोव्हेंबर ओल्या लोकरीसारखा असतो, अंगावर घेतला तरी ऊब नाही आणि टाकावा तर दुसरं काही नाही. जुई शनिवार-रविवारी घरी यायची, गादीवर झोपायची. एका रविवारी तिनं दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा सुधीर उठून उगाचच बेसिनपाशी गेला आणि नळ सोडून उभा राहिला. मला मात्र तिच्यातला दुसरा बदल दिसत होता. ती बोलेनाशी झाली होती. पोट बरं झालं होतं, पण दुपारभर खिडकीत बसून राहायची, कुणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. मी जिची वाट बघत होते ती ही नव्हती. ही घरी आली असती, आणि आयुष्यभर अशीच बसली असती.

तेव्हा कुठे मी मनापासून मागणं मागितलं. आधी मागत होते त्याच्या नेमकं उलटं. देवघरासमोर मला जरा ओशाळल्यासारखं झालं; म्हटलं, आधीचा अर्ज रद्द समज.

डिसेंबरच्या सुरुवातीला, एका दुपारी, मशीनवर असताना फोन वाजला.

"आई. घेतलंय त्यांनी मला."

मी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसले. पायरी ओली होती, तेही नंतर कळलं. ती भरभर बोलत होती. जानेवारीत जायचं, किल्डेअरच्या माळावर, तिथे पायदळाचं प्रशिक्षण, मग जमलं तर कॉर्कच्याच छावणीत. जहाजावरचा तिचा वरिष्ठ, तीस वर्षं समुद्रावर काढलेला, दाढीवाला माणूस, तिला घाबरवायचा. सगळ्यांसमोर तिच्याशी हात मिळवून तो म्हणाला होता, "आम्ही तुला टाकत नाही आहोत, जोई. आम्ही तुला त्यांना देतो आहोत. त्यांना सांग, नीट सांभाळा म्हणून."

"तू रडतेयस का?" तिनं विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "ग्रँड आहे मी."

थोड्या वेळानं सुधीरचा मेसेज आला. त्यालाही तिनं कळवलं होतं. त्यानं फक्त लिहिलं होतं, "आहे."

सैन्यात गेली म्हणून काळजी संपली असं नाही. पुढच्या वर्षी तिच्या तुकडीला कदाचित परदेशी शांतिसेनेत पाठवतील, असं ती आत्ताच सांगून ठेवते आहे. त्यावर आमचं रीतसर भांडण झालं आहे आणि अजून एक व्हायचं आहे. पण काळजी दोन तऱ्हेची असते, हे मला त्या हंगामानं शिकवलं. एक, मूल जे करतंय त्यात त्याला काही होईल ह्याची. आणि दुसरी, जे करतंय ते त्याला आतून खातंय ह्याची. पहिलीसोबत झोप लागते. तुटक का होईना, लागते.

तिचं प्रशिक्षण संपलं तेव्हा मार्च संपत आला होता. आम्ही दोघं कॉर्कहून गाडीनं गेलो. किल्डेअरचा तो माळ मी पहिल्यांदाच पाहत होते. झाड नाही, कुंपण नाही, डोळा जाईल तिथवर आखूड गवत आणि त्यावर विखुरलेल्या मेंढ्या. वारा असा, की उतरल्या उतरल्या माझी ओढणी गाडीच्या दारात अडकली नसती तर तिथूनच गेली असती. हिरवळ सोडली तर बार्शीबाहेरच्या माळावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. पाण्याचं कुठे नाव नव्हतं.

संचलन झालं. हिरव्या गणवेशातली जुई रांगेत चौथी होती, आणि तिचे पाय जमिनीवर असे पडत होते की ते पाऊल मला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं. समारंभानंतर तिची प्रशिक्षक, लहान चणीची, लाल केसांची बाई, आमच्याशी बोलायला आली. "ही चालायला लागली की थांबतच नाही," ती म्हणाली. "पाठीवर ओझं घेऊन सगळ्यांच्या पुढे. वर मागे वळून विचारते, दमलात का?"

जुई लाजली. मग म्हणाली, "आई, काही आणलंयस का खायला?"

गाडीची डिकी उघडून मी डबा काढला. थालीपिठं होती, लोणी होतं, मिरचीचा ठेचा होता. तिनं उभ्यानं खायला सुरुवात केली. वाऱ्यानं केस तोंडावर येत होते, ते मनगटानं मागे सारत, एकामागून एक. तिच्या दोन मैत्रिणी आल्या, त्यांनाही तिनं तोडून दिलं. ठेचा चाखून एकीनं आरोळी ठोकली तेव्हा जवळच्या मेंढ्या दचकून पळाल्या. सुधीर बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आता कसं वाटतं?"

तिनं घास गिळला, जरा विचार केला आणि बुटाची टाच गवतात दाबली. "ही जमीन आहे तिथेच राहते, बाबा," ती म्हणाली. सुधीरनं मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं.

कुठेतरी शिटी वाजली. तिनं शेवटचा तुकडा तोंडात कोंबला, माझ्या गालाला तेलकट हात लावला आणि मैत्रिणींबरोबर पळत सुटली. आम्ही दोघं ती लहान होईपर्यंत बघत राहिलो. डब्यात फक्त लोण्याचा डाग उरला होता.

"सुधीर," मी म्हटलं, "मला भूक लागलीये."

जुई समुद्रावर गेल्यापासून हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते; तो माझ्याकडे बघतच राहिला. "काय म्हणालीस?"

"भूक. खूप लागलीये."

"अगं, पण डबा तर तिनं संपवला."

"मग शोध ना काहीतरी."

माळाच्या कडेला बटाट्याचे तळलेले काप विकणारी एक गाडी उभी होती. वाऱ्यावर तेलाचा आणि व्हिनेगरचा वास येत होता. आम्ही तिकडे चालायला लागलो, आणि चार पावलं गेल्यावर मीच त्याच्यापुढे गेले.